थोपवून धरलेले निरोप

जनुक आहे, त्याची प्रत निघाली आहे, म्हणजे प्रथिन तयार झालंच असणार, असं धरून चालणारी मुलं दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत येतात. त्यांचा दोष नाही. दहावीपासून आपण तेच शिकतो: डीएनएवरून एमआरएनए, एमआरएनएवरून प्रथिन, आधी प्रतिलेखन, मग भाषांतरण. या दोन पायऱ्यांच्या मधे काय घडतं ते पाहण्यात माझं हैदराबादमधलं बरंचसं आयुष्य गेलं. पेशीत एमआरएनए कधीच उघडा नसतो. तो तयार होत असतानाच त्याच्या अंगावर प्रथिनं चढू लागतात. तो केंद्रकातून बाहेर कधी पडणार, प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमच्या हाती लागणार की नाही, किती वेळ टिकणार आणि कधी मोडीत निघणार, हे बऱ्याच अंशी ही प्रथिनं ठरवतात. माणसाच्या साधारण वीस हजार प्रथिन-जनुकांपैकी दीड हजारांच्या आसपास जनुकं आरएनएला धरणारी प्रथिनंच बनवतात. एवढा मोठा वाटा पेशीने या कामाला दिला आहे.

मी मूळची नांदेडची. तार्नाक्यापासून उप्पलपर्यंतच्या रस्त्यावर एनआयएन, आयआयसीटी, सीसीएमबी, एनजीआरआय अशी संस्थांची रांग लागते, त्याच पट्ट्यात माझं काम. नव्या मुलांना जे तोंडी सांगत आले, ते इथे लिहून काढते आहे. काही गोष्टी टेबलावरच्या आहेत, काही त्या टेबलामुळे कळलेल्या.

१. प्रत मोजली म्हणजे प्रथिन मोजलं असं समजू नका

एमआरएनए मोजणं आता सोपं झालं आहे. संध्याकाळी क्यूपीसीआर लावला की रात्रीपर्यंत आकडे हातात. सोपं आहे म्हणून सगळे तेच मोजतात, आणि निष्कर्ष मात्र प्रथिनाबद्दल काढतात. २०११ साली बर्लिनच्या एका गटाने उंदराच्या पेशींमधल्या पाच हजारांहून जास्त जनुकांसाठी एमआरएनए आणि प्रथिन दोन्ही एकत्र मोजलं. प्रथिनांच्या प्रमाणात जो फरक दिसला, त्यातला जेमतेम चाळीस टक्के भाग एमआरएनएच्या प्रमाणावरून समजावता आला. या आकड्यावर पुढे वाद झाले, काहींनी तो बराच वर नेला. पण भाषांतरणाचा वेग मोजल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. त्याच मोजणीत एमआरएनएचं मध्यम अर्धायुष्य नऊ तास आणि प्रथिनाचं शेहेचाळीस तास निघालं. म्हणजे दोघांची घड्याळं मुळातच वेगळी.

माझ्याकडे कुणी 'हे जनुक दुप्पट चालू झालं' असं सांगत आलं, की मी एकच विचारते: वेस्टर्न केलास का? म्हणजे प्रथिन स्वतः पाहिलंस का?

२. हात कितीही स्वच्छ असले तरी हातमोजे बदला

आरएनए तोडणारी विकरं आपल्या त्वचेवर, घामात, धुळीत, सगळीकडे असतात. त्यातलं आरएनएज-ए उकळूनही मरत नाही. थंड झालं की पुन्हा घडी घालून कामाला लागतं. म्हणून पाणी डीईपीसी टाकून ठेवायचं, पिपेट वेगळे ठेवायचे, आणि दाराच्या कडीला हात लागला तरी मोजे बदलायचे. मे महिन्यात हैदराबाद बेचाळीस अंशांवर जातं, बर्फाची बादली बघता बघता पाणी होते, मोज्यांच्या आत हात चिंब होतो. त्या दिवसांत मी मुलांना सकाळी लवकर बोलावते. जेलवर रायबोसोमच्या आरएनएचे २८एस आणि १८एस असे दोन पट्टे ठसठशीत दिसले, आणि वरचा पट्टा खालच्याच्या दुप्पट गडद असला, तर पुढे जायचं. खाली धूर पसरल्यासारखा दिसला तर तो नमुना टाकून द्यायचा. त्यावर हळहळायचं नाही.

३. एमआरएनएचं शेपूट आधी वाचा

प्रथिनाचा मजकूर जिथे संपतो त्याच्या पुढेही एमआरएनए चालू असतो. या शेवटच्या भागातून प्रथिनाचं एक अक्षरही तयार होत नाही, म्हणून जुन्या लोकांनी त्याकडे फारसं पाहिलं नाही. १९८६ साली शॉ आणि कामेन या दोघांनी एक प्रयोग केला, तो मी आजही पहिल्याच आठवड्यात शिकवते. जीएम-सीएसएफ नावाच्या एका अल्पजीवी एमआरएनएच्या शेपटातून त्यांनी ए आणि यू या अक्षरांनी भरलेला ५१ अक्षरांचा तुकडा घेतला आणि सशाच्या ग्लोबिनच्या जनुकात, शेपटाच्या जागी बसवला. ग्लोबिनचा एमआरएनए हा पेशीतला अत्यंत टिकाऊ एमआरएनए. तो तुकडा बसताच तो झपाट्याने मोडीत निघू लागला. प्रथिनाचा मजकूर तोच, आयुष्य मात्र बदललं.

त्या तुकड्याला कोण धरतं, याचा शोध पुढे लागला. ट्रिस्टेट्राप्रोलिन, म्हणजे टीटीपी, तिथे बसतं आणि एमआरएनएची पॉली-ए शेपटी कुरतडणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतं. एचयूआर नावाचं दुसरं प्रथिन तशाच जागी बसतं आणि एमआरएनएला सांभाळतं. दोघांत कोण बसणार त्यावर सगळं. १९९६ साली टीटीपी नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ते जन्मतः ठीक दिसले, पण पुढे वाळत गेले, सांधे सुजले, अंगभर दाह झाला. दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडं दिली की यातलं बरंचसं टळत होतं. दोन वर्षांनी उलगडा झाला: टीटीपी नसल्यामुळे टीएनएफचा एमआरएनए मोडीत निघत नव्हता. संधिवाताच्या कितीतरी रुग्णांना आज टीएनएफला अडवणारी इंजेक्शनं दिली जातात. निरोगी शरीरात हे काम एक प्रथिन रोज बिनबोभाट करत असतं.

४. लोहाचा धडा पाठ करा

हा विषय कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं तर मी लोहापासून म्हणते. याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही, आणि याहून आपल्या जवळचंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो, पण मोठा वाटा तिचा. आमच्या शेजारचं एनआयएन, राष्ट्रीय पोषण संस्था, हा प्रश्न घेऊन दशकानुदशकं बसलं आहे. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. आयोडीन आणि लोह दोन्ही असलेलं मीठ इथेच तयार झालं.

आता पेशीत काय होतं ते पाहा. लोह पेशीला हवं असतं, पण मोकळं लोह विषारी. म्हणून जास्तीचं लोह फेरिटिनमध्ये साठवतात. फेरिटिन म्हणजे लोहाची कणगी: चोवीस प्रथिन-घटकांचं पोकळ कवच, त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. लोह आलं की कणग्या हव्यात, लोह आटलं की नकोत. उंदरांना लोह दिलं की त्यांच्या यकृतात फेरिटिन वाढतं, हे जुनं निरीक्षण. १९६० च्या दशकात असं दिसलं की नव्या आरएनएची निर्मिती अ‍ॅक्टिनोमायसिनने बंद पाडली, तरी लोह देताच फेरिटिन वाढतंच. याचा अर्थ प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या. कुणीतरी त्या अडवून धरल्या होत्या. १९७६ मध्ये हॅमिश मन्रो आणि सहकाऱ्यांनी हे स्पष्ट मांडलं, आणि १९८७ मध्ये अडवणुकीची जागाही सापडली.

फेरिटिनच्या एमआरएनएच्या सुरुवातीला, मजकूर चालू होण्याआधी, तीसेक अक्षरांची एक वळलेली गाठ असते. लोह कमी असलं की आयआरपी नावाचं प्रथिन त्या गाठीला घट्ट धरतं आणि रायबोसोमचा छोटा भाग एमआरएनएवर चढूच शकत नाही. लोह वाढलं की पकड सुटते आणि फेरिटिन बनू लागतं. तशीच गाठ ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएवर असते. हे प्रथिन रक्तातलं लोह पेशीत ओढून घेतं. पण इथे गाठी पाच आहेत आणि त्या शेपटात आहेत. लोह कमी असताना तेच आयआरपी या गाठींवर बसतं, आणि त्याचा परिणाम उलटा होतो: एमआरएनए कापणाऱ्या विकराला जागा मिळत नाही, एमआरएनए टिकतो, रिसेप्टर वाढतात, पेशी जास्त लोह खेचते. प्रथिन एकच, पकडही तीच. डोक्याशी धरलं की भाषांतरण थांबतं, शेपटाशी धरलं की आयुष्य वाढतं. मला शिकवताना आजही इथे थांबावंसं वाटतं.

आणि आयआरपीला लोहाची चाहूल लागते कशी? आयआरपी-१ च्या पोटात लोह आणि गंधकाचा एक छोटा पुंजका बसतो. तो बसलेला असताना हे प्रथिन अ‍ॅकोनिटेज नावाचं विकर म्हणून साखरेच्या चयापचयाशी जोडलेलं एक साधं काम करतं. लोह आटलं, पुंजका सुटला, की तेच प्रथिन आरएनए धरायला मोकळं होतं. आयआरपी-२ ची तऱ्हा वेगळी, लोह पुरेसं असलं की पेशी त्याला मोडूनच टाकते.

लाल पेशी तयार करणाऱ्या पेशींमध्ये हीम बनवण्याची पहिली पायरी ज्या विकराच्या हाती आहे, त्या एएलएएस-२ च्या एमआरएनएच्या डोक्याशीही हीच गाठ आहे. लोह नसेल तर हीमचा सांगाडा उगाच बनवून ठेवायचा नाही, अशी व्यवस्था.

नांदेडहून आत्या फोनवर रिपोर्ट वाचून दाखवते. "माय, हिमोग्लोबिन नऊ लिहिलंय अन् फेरिटिन सहा. हे फेरिटिन काय असतंय?" मोठ्या माणसात ते पंधराच्या खाली गेलं की शरीरातला साठा संपत आला असं समजतात, एवढं मी तिला सांगते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नको म्हणते. अंगात कुठे दाह किंवा जंतुसंसर्ग असला की हाच आकडा फुगलेला दिसतो, हेही डॉक्टर पाहतातच. पण तो सहाचा आकडा ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तिच्या यकृतातल्या पेशी येतात: फेरिटिनच्या प्रती तयार, प्रत्येकीच्या डोक्याशी आयआरपी बसलेलं, लोहाची वाट पाहणारं. गोळीतलं लोह पोचलं की नवीन प्रती काढायला वेळ घालवावा लागणार नाही.

५. मजकुराबाहेरचं अक्षरही माणसाला अंध करू शकतं

१९९५ मध्ये युरोपातल्या काही कुटुंबांचं वर्णन प्रसिद्ध झालं. तरुणपणीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, रक्तात फेरिटिन प्रचंड, आणि लोह मात्र नेहमीइतकंच. फेरिटिनच्या एका जनुकात, त्या गाठीच्या जागी, अक्षर बदललेलं होतं. प्रथिन जसंच्या तसं, पण आयआरपीला ती गाठ धरता येईना, आणि फेरिटिन अखंड बनत राहिलं. डोळ्याच्या भिंगात ते साठलं. अशा रुग्णाला लोह जास्त झालंय असं समजून रक्त काढत गेलं, तर त्याला उलट रक्तक्षय होतो. जनुकीय तपासणीत प्रथिनाचा मजकूर तेवढा वाचून 'दोष नाही' असा शेरा मारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

६. पॉलिसोमचा आलेख निघताना जागचे हलू नका

एमआरएनए वाचला जातोय की नुसता पडून आहे, हे पाहण्याची माझी सगळ्यात आवडती रीत ही. पेशींवर सायक्लोहेक्झिमाइड टाकायचं. रायबोसोम जिथे असतील तिथेच गोठतात. मग पेशी फोडून तो रस साखरेच्या द्रावणावर हलक्या हाताने ओतायचा. नळीत वर दहा टक्के साखर, खाली पन्नास. थर हलला तर सगळं वाया, म्हणून ती नळी दोन्ही हातांनी धरून सेंट्रिफ्यूजपर्यंत न्यायची, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये दोन-तीन तास फिरवलं की ज्या एमआरएनएवर जास्त रायबोसोम चढलेले, तो जास्त खाली जातो. नंतर नळीतला द्रव वरच्या टोकाकडून सावकाश काढतात आणि २५४ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातोय त्याचा आलेख निघतो. आधी छोटी शिखरं: ४०एस आणि ६०एस हे रायबोसोमचे सुटे भाग, मग ८०एस, म्हणजे एकटा पूर्ण रायबोसोम. त्यानंतर दोन रायबोसोमवाल्यांचं शिखर, तीनवाल्यांचं, चारवाल्यांचं. पडद्यावर हे एकेक उमटताना पाहिलं की भाषांतरण ही पुस्तकातली आकृती राहत नाही.

मग प्रत्येक थेंबात आपला एमआरएनए शोधायचा. लोहाचा पुरवठा तोडलेल्या पेशींत फेरिटिनचा एमआरएनए नळीच्या वरच्या भागात रेंगाळतो. लोह दिलं की खाली सरकतो. संख्या तीच, जागा बदलली.

एक काळजी घ्याच. त्याच रसात ईडीटीए घालून दुसरी नळी फिरवा. ईडीटीएने रायबोसोम सुटे होतात, म्हणून खालची शिखरं नाहीशी व्हायला हवीत आणि तुमचा एमआरएनए वर यायला हवा. तो तसाच खाली बसून राहिला तर त्याला रायबोसोमने नव्हे, दुसऱ्याच कुठल्या जड पुंजक्याने ओढलं आहे. ही दुसरी नळी नसेल तर मी आलेख पाहत नाही.

७. आयुष्य मोजायला वापरलेलं औषधच आयुष्य बदलतं

एमआरएनए किती टिकतो हे पाहायला अ‍ॅक्टिनोमायसिन देऊन नवी निर्मिती बंद करायची आणि उरलेलं किती वेगाने घटतं ते पाहायचं, ही नेहमीची रीत. पण निर्मिती बंद पडली की एचयूआर केंद्रकातून बाहेर पेशीद्रवात येतं, आणि ते तर एमआरएनए टिकवणारंच प्रथिन. म्हणून निकाल महत्त्वाचा असेल तेव्हा पेशींना चार-थायोयुरिडिन देऊन नवा आरएनए खूण करून वेगळा काढा. खर्च जास्त येतो. तरी करा.

८. चिकटलं म्हणजे चालवलं असं नाही

अतिनील प्रकाशाने प्रथिन आणि आरएनए एकमेकांना कायमचं जोडायचं आणि प्रथिन ओढून काढून त्याच्यासोबत कोणते आरएनए आले ते वाचायचं, ही क्लिपची पद्धत. एका प्रथिनासोबत हजारो आरएनए येतात. यातल्या बहुतेक जागी त्या प्रथिनामुळे काही घडत असेलच असं नाही. म्हणून जागा सापडली की तिथली अक्षरं बदला आणि परिणाम जातो का पाहा. गाठ मोडली की परिणाम गेला, आणि उलट बाजूची अक्षरं बदलून गाठ पुन्हा जुळवली की परिणाम परत आला, तर माझा विश्वास बसतो.

पुण्याच्या एनसीसीएसमधल्या गटाचं इन्सुलिनवरचं काम मी यासाठी वाचायला देते. जेवल्यावर ग्लुकोज वाढलं की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तासाभरात इन्सुलिनची निर्मिती कितीतरी पटींनी वाढवतात. तेवढ्या वेळात इन्सुलिनच्या एमआरएनएची संख्या फारशी बदलत नाही. त्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की ग्लुकोज वाढल्यावर इन्सुलिनच्या एमआरएनएच्या डोक्याशी पीडीआय आणि पीएबीपी ही प्रथिनं गुंततात आणि भाषांतरणाला जोर देतात. नवी प्रत काढत बसायला जेवणानंतर वेळ कुठे असतो?

९. बेगमपेठेच्या डासाकडे पुन्हा पाहा

जुन्या बेगमपेठ विमानतळाजवळ एक बैठी इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी तिथे रोनाल्ड रॉसने मलेरियाच्या रुग्णाला चार दिवसांपूर्वी चावलेला डास फाडला आणि त्याच्या जठराच्या भिंतीवर काळसर कण असलेल्या गोल पेशी पाहिल्या. मलेरिया डासातून जातो याचा तो पहिला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. १९०२ चं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी चारमिनारच्या आधी तिथे नेते.

रॉसला ज्या गोल पेशी दिसल्या, त्या तिथपर्यंत पोचण्यामागे माझ्या विषयाचं एक सुंदर प्रकरण आहे. माणसाच्या रक्तात मलेरियाच्या परजीवीची मादी-अवस्था फिरत असते. डास कधी चावेल याचा नेम नाही. पण डासाच्या पोटात गेल्यावर तिला क्षणाचीही उसंत नसते: तापमान घसरतं, फलन होतं, आणि दिवसभराच्या आत त्या फलित पेशीला सरपटणारी अवस्था बनून जठराच्या भिंतीत शिरावं लागतं. यासाठी लागणाऱ्या प्रथिनांचे एमआरएनए ती माणसाच्या रक्तात असतानाच काढून ठेवते आणि वाचू देत नाही. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने उंदराच्या मलेरियात हे थोपवणारं प्रथिन ओळखलं: डोझी. डोझी काढून टाकलं तर साठवलेले शेकडो एमआरएनए टिकतच नाहीत. फलन होतं, पण फलित पेशी पुढे वाढत नाही. डोझीचा भाऊबंद आपल्या पेशींतही आहे, डीडीएक्स-६ नावाने.

या साठ्यातच पी-२५ आणि पी-२८ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांचे एमआरएनए असतात. माणसांतल्या मलेरियात पी-२५ फक्त डासात गेल्यावर तयार होतं, म्हणून आपल्या रोगप्रतिकारशक्तीला ते कधी दिसतच नाही. त्यामुळे परजीवीला ते बदलत राहण्याची गरजही पडली नाही, आणि वेगवेगळ्या भागांतल्या परजीवींमध्ये ते जवळजवळ सारखंच राहिलं. याच कारणाने संक्रमण रोखणाऱ्या लसीसाठी ते निवडलं गेलं आणि त्यावर आधारलेल्या लसी माणसांमध्ये चाचणीपर्यंत गेल्या. लस घेतलेल्या माणसाची प्रतिपिंडं रक्तासोबत डासाच्या पोटात जातात आणि परजीवीला तिथे अडवतात. घेणाऱ्याचा ताप त्याने टळत नाही, शेजाऱ्याचा टळतो. अडचणही त्याच थोपवणुकीतून येते: मलेरिया झाला तरी शरीराला पी-२५ दिसत नाही, म्हणून लसीने आलेली प्रतिपिंडं नैसर्गिक संसर्गाने पुन्हा वाढत नाहीत, ती लसीनेच टिकवावी लागतात.

नव्या विद्यार्थ्याला विषय निवडायचा असेल तर मी आज इथेच बोट ठेवेन. डोझीची पकड डासात गेल्यावर नेमकी कोणत्या खुणेने सुटते, ती रक्तातच सोडवता येईल का, हे प्रश्न उघडे आहेत. बेगमपेठेची ती इमारत आणि आमचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज एकाच शहरात आहेत. शिवाय गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मलेरिया आजही माणसं आजारी पाडतो, आणि तो जिल्हा तेलंगणाच्या सीमेला लागून आहे.